पडण्याचा भाव

मराठी मुलुखातली पोरं सायकलवरून सर्वांत जास्त वेळा कोणता डोंगर उतरली असतील? सिंहगड नाही, चिखलदऱ्याचा घाटही नाही. बहुधा माउंट चिलियाड. भूगोलाच्या पुस्तकात हा डोंगर सापडत नाही. एडिनबराच्या रॉकस्टार नॉर्थ या कंपनीने २००४ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गेममध्ये तो उभा केला. गेम टोळ्यांचा, गोळीबाराचा आणि पळवलेल्या गाड्यांचा. तरी त्याचा नायक सीजे सुरुवातीलाच एका सायकलवर टांग टाकतो, आणि पुढे चिलियाडच्या माथ्यावर त्याला माउंटन बाइकची शर्यत सापडते. खाली उतरणाऱ्या तीन वाटा, एका अंगाला कडा, मागेपुढे प्रतिस्पर्धी. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, कीबोर्डवरचं डब्ल्यूचं बटण बडवत एक अख्खी पिढी हा डोंगर उतरली. डिसेंबर २०१३ मध्ये हाच गेम अँड्रॉइड फोनवर आला आणि कॅफेचीही गरज उरली नाही. कोणाकडे तरी फाइल असायची, ती एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जायची. ओबीबी नावाचं फोल्डर नेमकं कुठे टाकायचं हे ज्याला ठाऊक, त्याला शाळेत मान असायचा.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं रोहणा अशाच गावांपैकी एक. पुलगाव-आर्वी रस्त्यावरचं, कापूस, सोयाबीन आणि तुरीचं गाव. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत घातलेली पुलगाव-आर्वी अरुंदमापी रेल्वे याच पट्ट्यातून धावायची. ती सुरू झाली १९१७ साली, लांबी जेमतेम ३५ किलोमीटर. गाडी केव्हाच थांबली. जवळच धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण झालं. आर्वीच्या पुढे आष्टी-कारंजाकडे सातपुड्याचे फाटे सुरू होतात आणि जमीन उंचसखल होते, पण रोहण्याच्या शिवारात पायडल सोडून सायकल आपसूक पळेल असा उतार शोधावा लागतो. इथे सायकल चालवायची म्हणजे सपाटीवर, मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत.

अशा गावातल्या पोट्ट्याला डोंगरउताराच्या सायकल-गेमचं वेड का लागावं? उतार नाही म्हणून, हे सोपं उत्तर झालं. ते पुरेसं नाही. डोंगर नसलेल्या गावात डोंगर विकला जाईलच, पण या गेममध्ये खरोखर विकली जाते ती दुसरी गोष्ट : स्वस्तात पडण्याची सोय.

रोहण्यात पडणं महाग आहे. सायकलवरून आपटून हात मोडला तर आधी आर्वी, आणि मामला गंभीर असेल तर सेवाग्राम किंवा सावंगी. बापाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीवर पाणी, गाडीभाडं वेगळं आणि प्लास्टर सुटेपर्यंत कापूस वेचायला एक हात कमी. शिवाय सायकलचं चाक वाकलं ते निराळंच. म्हणून गावातलं पोरगं सायकल शिकतं तेव्हा घरचे ‘किती जोरात गेलास’ असं विचारत नाहीत, ‘पडला तर नाही ना’ असं विचारतात. गेममध्ये हा हिशेब उलटा होतो. सॅन अँड्रियासमध्ये सीजे कड्यावरून कोसळून मेला, तर तो इस्पितळाच्या दारात ठणठणीत उभा राहतो. हत्यारं जातात, खिशातली थोडी रक्कम वजा होते. अमेरिकेतल्या दवाखान्याचं एवढं लहान बिल बहुधा फक्त याच गेमने फाडलं असेल.

खऱ्या माउंटन बाइकिंगचा जन्मही अशाच एका आडदांड उतारावरचा. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने घड्याळ लावून सायकली सोडल्या. अंतर साधारण सव्वातीन किलोमीटर, उतार सुमारे ४०० मीटर. सायकली नव्या नव्हत्या. श्विन कंपनीची तीस-चाळीसच्या दशकातली जाड टायरची जुनी धुडं भंगारातून आणायची, मडगार्ड आणि शोभेचं सगळं काढून फेकायचं, आणि पायडल उलटं फिरवून लागणाऱ्या ब्रेकच्या भरवशावर खाली यायचं. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून त्याचा धूर निघायचा, ते दर वेळी नव्याने भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं रीपॅक. शर्यती भरवणारा चार्ली केली, त्यात उतरणारे गॅरी फिशर आणि जो ब्रीझ यांनी पुढे या खेळाला धंद्याचं रूप दिलं. ब्रीझने १९७७ मध्ये खास याच कामासाठी सायकल बांधली. केली आणि फिशर यांनी १९७९ मध्ये ‘माउंटनबाइक्स’ याच नावाने दुकान थाटलं. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री प्रकार आला. मडगार्ड काढून टाकण्याची खोड मात्र मरीनच्या पोरांची आणि विदर्भातल्या पोरांची एकच. कारणं वेगळी, त्यांच्याकडे पुढे येऊ.

व्हिडिओ गेमने सायकल हातात घेतली ती ऐंशीच्या दशकात. अटारीच्या १९८५ च्या ‘पेपरबॉय’मध्ये मशीनला चक्क सायकलचं हँडल बसवलेलं होतं. ते धरून घरोघरी पेपर टाकायचे आणि कुत्रे चुकवायचे. त्याआधी, १९८४ मध्ये, निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोने ‘एक्साइटबाइक’ केला होता. तो मोटरसायकलचा, पण पुढच्या साऱ्या उतारगेमांचं व्याकरण त्यात आहे. उडी मारल्यावर हवेत असताना पुढचं चाक वर-खाली करून गाडीचा कोन जमिनीच्या उताराशी जुळवायचा. जुळला तर वेग टिकतो, नाही जुळला तर स्वार गडगडत जातो. गडगडल्यावर तो उठून धावत गाडीकडे येतो, आणि बटण भराभर दाबलं तर लवकर येतो. पडण्याचा भाव इथे ठरला : काही सेकंद आणि अंगठ्याची कसरत. नव्वदच्या दशकात भारतातल्या घरोघरी टीव्हीला जोडल्या गेलेल्या नकली यंत्रांवर, एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याची थाप मारणाऱ्या त्या कॅसेटांमध्ये, एक्साइटबाइक हमखास असे.

पुढची वीस वर्षं भराभर गेली. १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर ‘नो फिअर डाउनहिल माउंटन बाइकिंग’ आला. २००३ मध्ये ‘डाउनहिल डॉमिनेशन’. हा प्लेस्टेशन २ वरचा गेम अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या इन्कॉग्निटो कंपनीचा. त्यात उतारावर शेजारच्या स्वाराला गुद्दे घालायचे, हाताला लागेल ते फेकून मारायचं. ‘रोड रॅश’मध्ये साखळ्यांनी एकमेकांना झोडपत मोठ्या झालेल्या भारतीय पोरांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

हे खेळ रोहण्यासारख्या गावात फारसे पोचले नाहीत, कारण प्लेस्टेशनच पोचला नाही. पोचला तो फोन. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर जे चालेल ते गावाने खेळलं. त्यात पहिला मान ‘हिल क्लाइम्ब रेसिंग’चा. फिनलंडमधल्या औलू शहरातल्या टोनी फिंगररूस या तरुणाने तो केला आणि २०१२ मध्ये बाजारात आणला. त्याच्या स्वाराचं नाव न्यूटन बिल, आणि गेम खरोखरच न्यूटनचा : चढ, उतार, गुरुत्वाकर्षण, दोन बटणं. गाडी उलटली आणि बिलचं डोकं जमिनीला लागलं की मान मोडून खेळ खलास. पेट्रोल संपलं तरी खलास. या गेमचं यश त्याच्या कंजूषपणात आहे. त्याला ताकदवान फोन लागत नाही, नेट लागत नाही, इंग्रजी लागत नाही. एसटीची वाट बघताना पुलगावच्या स्टँडवर तो खेळता येतो.

मग आले ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’सारखे देशी गेम, ज्यात ओळखीच्या मोटरसायकली आहेत आणि गेममधल्या फोनवर नंबर फिरवला की हवी ती गाडी समोर उभी राहते. कोणत्या नंबरवर काय मिळतं याची यादी पोरांना पाढ्यांहून पक्की पाठ असते. हे गेम तांत्रिकदृष्ट्या ओबडधोबड आहेत. पण रॅम्पवरून उडून गाडी आपटणं आणि काहीच न होणं, हा त्यांचाही मुख्य माल आहे.

खरी कारागिरी बघायची तर संगणकावरच्या तीन गेमांकडे जायला हवं. तिघांनीही एकाच प्रश्नाला वेगवेगळं उत्तर दिलं आहे : पडलेल्याकडून काय घ्यायचं?

नेदरलँड्समधल्या रेजस्क्विड या छोट्या चमूचा ‘डिसेंडर्स’ २०१८ मध्ये अर्धवट आणि मे २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्याचे डोंगर कोणी हाताने रचलेले नाहीत. दर फेरीला संगणक नवा उतार तयार करतो. त्यामुळे वाट पाठ करून जिंकता येत नाही. स्वाराकडे मोजकं आयुष्य असतं, प्रत्येक आपटणं त्यातला तुकडा तोडतं, आणि ते संपलं की अख्खी मोहीम पहिल्यापासून. पाऊण तास सावरत, हिशेबाने खाली आलेला खेळाडू शेवटच्या मोठ्या उडीत हावरटपणे एक कोलांटी जास्त मारतो आणि सगळं गमावतो. जुगाराच्या जवळ जाणारी ही रचना आहे, फक्त पैसा लागत नाही. इथे पडण्याचा भाव चढा आहे, म्हणूनच हात घामेजतात.

बर्लिनच्या मेगागॉन इंडस्ट्रीजने २०१९ च्याच ऑक्टोबरात ‘लोनली माउंटन्स : डाउनहिल’ आणला तो नेमका उलट स्वभावाचा. ठोकळेबाज झाडं, ठोकळेबाज कडे, चेहरा नसलेला स्वार. पार्श्वसंगीत नाही. टायरखालची खडी, वारा, पाखरं, आणि मधूनच दगडावर आपटल्याचा करकरीत आवाज. पडलं की क्षणात मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात. पडणं फुकट आहे, म्हणून माणूस धीट होतो. वळणाच्या रस्त्याने कशाला जायचं, सरळ कड्यावरून उडी मारली तर? वीस वेळा मरून एकविसाव्यांदा ती आडवाट सापडते. गेम त्यानंतर हळूच अट घालतो : आता हीच वाट इतक्या वेळात, इतक्याहून कमी वेळा पडून. फुकटची सवय लावायची आणि मग दर लावायचा, हे बर्लिनवाल्यांनी जिओइतकंच चोख साधलं आहे. तिघांत उजवा कोणता म्हणाल तर हाच. पडण्याला त्याने शिक्षा न ठेवता शोधाचं साधन केलं.

तिसरा ‘रायडर्स रिपब्लिक’, ऑक्टोबर २०२१ चा, फ्रेंच आल्प्सच्या कुशीतल्या आनसी शहरातल्या युबीसॉफ्टच्या स्टुडिओचा. योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन अशी अमेरिकेतली खरी राष्ट्रीय उद्यानं शिवून केलेला एक अवाढव्य नकाशा, आणि ताकदवान यंत्रांवर एका शर्यतीत तब्बल ६४ खेळाडू. पडल्यावर इथे काळ मागे फिरवता येतो. बटण दाबून धरलं की सायकल उलटी, वर, उडीच्या आधीच्या जागी जाते. पण तो काळ फक्त पडणाऱ्याचा मागे जातो. बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. गर्दीत पहिल्याच वळणावर साठ सायकली एकमेकींत घुसतात तेव्हा शिस्त, कौशल्य वगैरे शब्द हास्यास्पद वाटतात. हा गेम बघायला जितका मजेदार, तितका खेळायला खोल नाही.

पडद्यावरचं पडणं किती खोटं आहे, याचा सर्वांत कडवा पुरावा डेव्ह मिरा. बीएमएक्स सायकलचा हा अमेरिकी बादशहा, एक्स गेम्समधली त्याची पदकं दोन डझन. २००० साली त्याच्या नावाचा ‘डेव्ह मिरा फ्रीस्टाइल बीएमएक्स’ निघाला. त्यातला मिरा डोक्यावर आपटायचा, वेडावाकडा लोळायचा, बटण दाबताच सायकलवर बसलेला असायचा. लाखो पोरांनी त्याला असं हजारदा आपटवलं. खऱ्या मिराने फेब्रुवारी २०१६ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा विकार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने मेंदू हळूहळू खंगत जातो, तो हा आजार. अशा साहसी खेळातल्या खेळाडूत त्याचं निदान होण्याची ती पहिलीच वेळ होती. माउंटन बाइकपटू पॉल बासागोइतिया २०१५ मध्ये यूटातल्या रेड बुल रॅम्पेज या उतारस्पर्धेत कड्यावरून पडला आणि त्याच्या पाठीचा कणा जायबंदी झाला. त्याने दवाखान्यातले आपले दिवस कॅमेऱ्यात टिपले, त्यातून पुढे माहितीपट झाला. गेममध्ये हाडांचा आवाज असतो. नंतरची वर्षं नसतात.

आता त्या सायकल-गेमकडे, ज्यात पडताच येत नाही. २०१४ मध्ये आलेल्या ‘स्विफ्ट’मध्ये खरी सायकल घरात एका यंत्रावर बसवायची, खरं पायडल मारायचं आणि पडद्यावरचा पुतळा त्या ताकदीने पळवायचा. पडद्यावर चढ आला की यंत्र पायडल जड करतं. इथे चलन घामाचं. करोनाच्या वर्षात, डिसेंबर २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने याच स्विफ्टवर पहिली ई-सायकलिंग जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न जिंकला, जो मुळात नौकानयनपटू, आणि महिलांत दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली मूलमन-पासिओ. या खेळातही लबाडी आहे, आणि ती मोठी गमतीची आहे. ब्रिटनचा कॅमेरॉन जेफर्स २०१९ मध्ये तिथला राष्ट्रीय ई-रेसिंग विजेता ठरला. नंतर कळलं की गेममधली एक वेगवान सायकल मिळवण्यासाठी जो प्रचंड चढ चढावा लागतो, तो त्याने पाय न हलवता संगणकाच्या करामतीने चढल्याचं दाखवलं होतं. किताब गेला, अडीचशे पौंड दंड, सहा महिने बंदी. सगळे उतार फुकट असलेल्या जगात चोरी झाली ती चढाची. स्विफ्टने रीपॅकच्या नावाने मातीची एक वाटही केली आहे. त्यात हँडलला लावलेल्या फोनमुळे पडद्यावर वळता येतं. मरीनच्या त्या उतारावरचं जळकं ग्रीस मात्र त्यात नाही.

चढाचा मुद्दा महाराष्ट्रासाठी खरा महत्त्वाचा. उतारगेम खेळाडूला थेट माथ्यावर ठेवतात. वर कोणी चढायचं हा प्रश्न कापून टाकलेला असतो. ऑलिंपिकमधलं क्रॉस कंट्री याच्या उलट आहे : तिथे शर्यतीचा बहुतेक वेळ चढात जातो, उतार मिनिटांत संपतो. अहिल्यानगर जिल्ह्यातली प्रणिता सोमण या प्रकारातली देशातली आघाडीची खेळाडू. जानेवारी २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने महाराष्ट्राला माउंटन बाइकचं सुवर्ण मिळवून दिलं. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली होती. म्हणजे हा खेळ देशात आहे, पदकंही आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही हजारो किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हा विदर्भाच्या सपाटीवरूनही असा सायकलपटू घडतो हे दिसलं. पण रोहण्याच्या पोराला घाटात सराव करायचा तर सर्वांत जवळचा मोठा डोंगर मेळघाटात, अकराशे मीटर उंचीवरचं चिखलदरा, आणि तिथे सायकल न्यायची म्हणजे पुन्हा गाडीभाडं आलं.

गेम बनवणारे हात मात्र महाराष्ट्रात आहेत. युबीसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा काढला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार या दोन स्टुडिओंकडे सोपवला गेला होता, २०२२ मध्ये तो माँट्रियलकडे गेला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम जगाच्या बाजारात उतरवला. केंद्र सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या छत्राखाली घेतलं, आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. उतारगेम कोणत्याच अर्थाने जुगारात येत नाहीत, त्यामुळे त्यांना यात धोका नाही.

डिसेंडर्समध्ये खेळाडूंना स्वतःचे डोंगर रचून जोडता येतात, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या गावच्या वाटा त्यात उतरवल्या आहेत. त्यासाठी बरा संगणक, युनिटी हे फुकट मिळणारं साधन आणि चिकाटी लागते. रोहण्याचा एखादा हुशार पोरगा ते शिकला तर काय रचेल? शिवारात जाणारा पांदण रस्ता असणारच. दोन्हीकडे बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. उन्हाळ्यात तो दगडासारखा कडक. पावसाळ्यात मात्र काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चढतो, मडगार्ड आणि चाक यांच्यात गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून विदर्भात पोरं मडगार्ड काढतात. काडीने माती खरवडायची, दहा पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. या चिखलात पडलं तर काहीच लागत नाही, पडण्याचा भाव शून्य. पण त्या वाटेवर शेवटी सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, आणि त्यासाठीचं बटण त्या पोराला स्वतःच लिहावं लागेल.